सोंगातलं खरं

हसुरामभाऊ,

तुम्ही गेल्याची बातमी मला मासळीबाजारात कळली. पापलेटाचा भाव कमी कर म्हणून मी एका बाईशी हुज्जत घालत होतो, आणि ती माझ्याकडे लक्ष न देता शेजारणीला सांगत होती, की आमच्या बाजूच्या गावातला तो बाटल्यांच्या कारखान्यातला पुढारी काल गेला, तो नाही का, विकला गेलेला. एखाद्याला उंच म्हणावं किंवा काळा म्हणावं, तितक्या सहज तिनं ते म्हटलं. पापलेट तिथंच टाकून मी घरी आलो. बायकोनं रिकामी पिशवी पाहिली आणि माझं तोंड पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. गेटवर युनियनचा फळा आहे. कामगारांपैकी कोणी गेलं, की त्याचं नाव खडूनं त्यावर लिहायचं आणि पाळी सुटताना सगळ्यांनी दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, हा रिवाज तुम्हीच पाडलेला. ठेकेदाराकडच्या बायकांपैकी कोणाची सासू गेली तरी तुम्ही नाव लिहायला लावायचात. त्या दिवशी फळ्यावर क्रिकेटच्या सामन्यांची वेळ लिहिली होती. मी गाडीतून उतरलो, फळा वाचला, पुन्हा वाचला, आणि आत गेलो.

मी या कारखान्याचा पर्सोनेल मॅनेजर. माणसं ठेवायची, काढायची, त्यांची समजूत घालायची आणि वरच्यांना खाली काय चाललंय ते सांगायचं, हे माझं काम. 'फळ्यावर हसुरामचं नाव लिहा' असं मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? बघा, मालकाच्या माणसाला किती पुळका आलाय, एवढंच. तुमच्यावरचा डाग पुसू शकेल असा जगात एकच माणूस आहे, आणि त्यानं हात लावला की डाग पसरतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अशा पेचात सापडलो की मी एका माणसाकडे जात असे, आणि तोच नेमका मेला. मला तुमचा राग आलाय, भाऊ. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत.

आपली पहिली बोलणी आठवतात? तुम्ही काहीही मागितलंत की मी 'शक्य नाही' म्हणायचो आणि मी काहीही देऊ केलं की तुम्ही 'चालनार नाय' म्हणायचात. आठवडा गेला. मग मधे शिमगा आला, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कानामागे रंग तसाच घेऊन माझ्या केबिनमध्ये आलात. कामाचं सोडून तुम्ही मला गावच्या सोंगांची गोष्ट सांगत बसलात. कोणी फौजदार होतो, कोणी सावकार, कोणी मिशीवाला नवरी होतो. सोंग घेतलेला माणूस सरपंचाच्या दारात उभा राहून सरपंचाचे वाभाडे काढू शकतो, आणि त्याबद्दल दुसऱ्या दिवशी कोणी रुसायचं नाही, असा दंडक. हे सांगता सांगता तुम्ही उठलात, टेबलाला वळसा घालून माझ्या फिरत्या खुर्चीत बसलात आणि टेबलावरचा माझा चष्मा उचलून डोळ्यांवर चढवलात.

"आता मी सायेब, तुमी हसुराम," तुम्ही म्हणालात. "करा मागन्या."

खुर्चीचं मला काही वाटलं नाही. चष्म्याचा राग आला, कारण त्याच्याशिवाय मला समोरचं धड दिसेना. पण मी बोलायला लागलो. तुमचा हेल काढून, आमी, तुमी करत, अगदी वाईट नक्कल. तुम्ही मात्र साहेब असे वठवलेत की माझी मलाच लाज वाटली. "हे बघा हसुरामराव, कंपनीच्या दृष्टीनं हे शक्य होणार नाही." त्या 'नाही'मधला ह तुम्ही चांगला लांबवलात. एरवी तुमच्या 'नाय'मध्ये ह नसायचाच, साहेब होताना कुठून तरी उसना आणायचात. त्या दिवशी आपल्याला दोघांनाही कळलं, की समोरच्याचं म्हणणं आपल्याला पाठ आहे. नुसतं पाठ नाही, थोडंसं पटलेलंही आहे.

तेव्हापासून अडलं की 'सायेब, जरा शिमगा करू' असं तुम्ही म्हणायचात. नियम तुमचेच होते. सोंग घ्यायचं तर जीव ओतून घ्यायचं, मिळमिळीत बोलायचं नाही. आणि चहा आला की सोंग संपलं, बोललेलं खोलीतच राहिलं. हळदीच्या रजेचं भांडण आठवून मला आत्ताही हसू येतं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा रडू येतं. गावात लग्न निघालं की हळदीला निम्मी पाळी गायब व्हायची. साहेब होऊन तुम्ही मला फैलावर घेतलंत, की हळदीला चार-चार दिवस रजा कशाला, हळद काय तुम्ही शेतातून उपटून आणता? मी हसुराम होऊन हळदीची बाजू लढवली, आणि तुमच्याकडे पत्रिका आली तर तुम्हाला जावंच लागतं हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. शेवटी एका घरातल्या सगळ्यांनी एकदम जायचं नाही, आळीपाळीनं जायचं, असं ठरलं. ते कामगारांना तुम्ही सांगितलंत. मी सांगितलं असतं तर दगड पडले असते.

आणि एकदा मी हसुराम होऊन बोलण्याच्या भरात म्हणालो, की काचेचा चुरा निवडणाऱ्या वाडीवरच्या बायकांना कँटीनच्या सावलीत बसून जेवू द्या. डोंगरातून पायी येणाऱ्या, ठेकेदाराच्या रोजावरच्या बायका त्या. युनियनच्या लेखी त्या नव्हत्याच. तुम्ही चष्मा काढलात. मग म्हणालात, की ही मागणी हसुरामनं कधी केलीच नव्हती. पुढच्या बैठकीत ती पहिली मागणी होती.

मुंबईहून एक सल्लागार आले होते, ते आठवतात? काचेवर लिहून दिव्यानं भिंतीवर दाखवणारे. त्यांनी सांगितलं होतं, की कोणत्याही संस्थेत बदलाला विरोध करणारे आधी ओळखावेत आणि बाजूला करावेत. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. मग म्हणालात, "बदल नको तो बी मीच, ना बदल पायजे तो बी मीच. कोनाला बाजूला कराल?" आणि तुम्ही शेताचं सांगितलंत. सरकारनं जमीन घेतली तेव्हा तुम्ही बांधावर बसून रडलात, आणि पहिला पगार हातात आला त्या रात्री नाचलात. रडणारा खोटा होता की नाचणारा, असं तुम्ही मला विचारलंत. मॅनेजरला असल्या प्रश्नांची उत्तरं शिकवत नाहीत.

हे सगळं मी आज तुम्हाला का सांगतोय? तुम्हाला ते माहीतच आहे. पण दुसऱ्या कोणाला सांगू?

मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. औषधवाले एकेक करत काच सोडायला लागले. आपल्या दोन भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या, आणि गोदामात बाटल्या पडून. वरून हुकूम आला, की एक भट्टी विझवायची, तपासणीला मशीन आणायची आणि माणसं कमी करायची. किती आणि कोणती, ते मी ठरवायचं. एकेका खात्याच्या याद्या पुढ्यात घेऊन मी बसायचो आणि प्रत्येक नावापाशी मला तुमच्या गावातलं एखादं घर दिसायचं. जमीन घेताना 'घरटी एक नोकरी' हा शब्द दिलेला होता. तो शब्दही खरा होता, आणि पडून राहिलेल्या बाटल्याही खऱ्या होत्या.

त्या दुपारी तुम्ही आलात तेव्हा हसत नव्हता. 'शिमगा करू' असंही म्हणाला नाहीत. गुपचूप माझ्या खुर्चीत बसलात आणि चष्मा लावलात. मी हसुराम झालो आणि होतं नव्हतं ते सगळं ओतलं. जमीन, शब्द, म्हातारे, पोरं, एक माणूस हलता कामा नये. मी थांबलो, आणि तुम्ही बोलायला लागलात. खाली मान घालून, सावकाश.

"भट्टी बंद होनार, ता कोनाला चुकनार नाय. सगल्यांना धरून ऱ्हायला तर सगलेच बुडतील. वय झालेली मानसा घरी बसली पायजेत, आमच्या आलीतली बी. मशीन आली पायजे, नायतर पोरांना कायच ऱ्हानार नाय."

ऐकताना काहीतरी चुकतंय असं मला वाटत होतं, आणि काय ते ध्यानात येईना. मग आलं. तुम्ही 'नाही' म्हणत नव्हता, 'नाय' म्हणत होता. साहेबाचं सोंग घेऊन तुम्ही तुमच्या स्वतःच्या बोलीत बोलत होता. मी मान वर केली तेव्हा अर्धवट उघड्या दारात जोमा उभा होता, चष्म्याशिवायही ओळखला. तुमचा चुलतभाऊ, युनियनच्या कमिटीतला, तुम्हाला बोलवायला आलेला. त्याला खुर्ची दिसली नसेल, चष्मा दिसला नसेल. त्याला तुमचा आवाज ऐकू आला, आणि तोही साहेबाचा नाही, घरचा. तो वळला आणि निघून गेला.

मी ओरडलो, भाऊ, जा त्याच्या मागे, सांगा त्याला की सोंग होतं. तुम्ही चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसलात आणि माझ्यासमोर ठेवलात.

"सोंग नव्हता, सायेब," तुम्ही म्हणालात.

मग दहा वर्षं जे भांडलात ते खोटं होतं का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, ता बी खरा. दोनी खरा. म्हातारे बाहेर गेले नाहीत तर कारखाना जाईल, आणि म्हातारे बाहेर गेले तर कारखाना आपला राहणार नाही. या दोन्हींमधून एक वाट निघते का बघू, असं म्हणून तुम्ही वाट काढायलाही लागलात. मशीन येऊ दे, पण भट्टी विझायच्या आधी. जाणाऱ्यानं आपण होऊन जावं आणि त्याच्या जागी त्याच्या घरातल्या एकाला मशीनवर शिकवावं. वाडीवरच्या बायकांना हात लावू नये. संध्याकाळपर्यंत आपण ते मांडलं. मी नोकरीत इतकी वर्षं काढली, त्याहून चांगला तोडगा मला कधी दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी गेटसभेत जोमानं तुम्हाला सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारला: बोललास का नाय? मी वरच्या खिडकीत होतो. तुम्ही म्हणालात, "बोललू, ना..." पुढचं कोणी ऐकून घेतलं नाही. तुमच्या बोलीत ना म्हणजे आणि. समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, तरी त्या आणि-पुढे काय आहे ते कोणालाच नको होतं. आरडाओरडा झाला, कोणीतरी चप्पल उगारली, आणि तुम्ही स्टुलावरून खाली उतरलात.

यावरच आपलं भांडण राहिलंय, भाऊ. एकदा 'नाय' म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? एक शब्द! नाय बोललू, जोमानं चुकीचं ऐकलं, संपलं असतं. तुम्ही पुढारी राहिला असतात, तोडगा तुमच्या तोंडून गेला असता, माणसं वाचली असती. मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, की खोटं बोलून वाचवलेल्या माणसांना पुढच्या वेळी कोणत्या तोंडानं खरं सांगू. मी भडकलो. खऱ्याचा एवढा सोस होता तर पुढारी कशाला झालात, कीर्तनकार व्हायचं होतं, असं बोललो. तुम्ही हसलात आणि चहा न घेता गेलात. चहा आला नाही म्हणजे सोंग संपलं नाही, हा तुमचाच नियम. ते भांडण अजून चालूच आहे, आणि माझी बाजू मी अजून सोडलेली नाही.

शिमगा गेला, कवित्व राहिलं. जोमा पुढारी झाला. त्याला एकच वाक्य येत होतं, एकही माणूस कमी नाही. वरच्यांनाही एकच वाक्य येत होतं. संप झाला, भट्टी विझवली गेली, आणि आपण मांडलं होतं त्याच्या कितीतरी पट माणसं घरी बसली. पोरांना मशीनवर कोणी शिकवलं नाही, मशीनबरोबर बाहेरची माणसं आली. वाडीवरच्या बायका तर कोणाला न कळताच गेल्या. आणि ज्यांचं गेलं ते म्हणाले, की बघा, हसुराम आतून फितूर होता म्हणून असं झालं. एकाही हळदीची पत्रिका तुमच्याकडे येईनाशी झाली, हे मला कँटीनमध्ये कोणीतरी हसत हसत सांगितलं.

मी जोमाकडे गेलो होतो. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही जाऊ दिलं नसतं. त्याला सगळं समजावलं, खुर्ची, चष्मा, सोंग, तोडगा. त्यानं शांतपणे ऐकलं. उद्धट माणूस नाही तो. मग म्हणाला, "सायेब, दुसऱ्या कोनी सांगला असता तर मी मानला असता. तुमी सांगताव म्हनूनच ता खरा वाटत नाय." त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. हेच तर तुम्ही मला शिकवलं होतंत, समोरच्याच्या जागी बसून बघायला. त्याचा उपयोग हा असा झाला.

शेवटचे तुम्ही भेटलात ते एसटी स्टँडजवळ. करंजाहून वहिनींच्या माहेरची सुकट घेऊन येत होता, पिशवीचा वास लांबून येत होता. तुम्ही बारीक झाला होता. मी जवळ यायला लागलो तसे तुम्ही म्हणालात, "लांब उबं ऱ्हावा सायेब, गावची मानसा हायेत." मग आपण दोघं दोन बाजूंना तोंडं करून, एसटीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांसारखे बोललो. छातीत दुखतं म्हणालात. डॉक्टरला दाखवा म्हटलं. दाखवतो म्हणालात. एवढंच. मला म्हणायचं होतं, की भाऊ, तुमच्याशिवाय मला काम जमत नाही. मॅनेजरनं युनियनच्या माणसाला असं सांगायचं नसतं, म्हणून नाही सांगितलं. आता सांगतोय. जमत नाही.

दुसऱ्या भट्टीचंही आता कानावर येतंय. जोमाला मी काही विचारलं की तो नाही म्हणतो, वरच्यांना विचारलं की ते हो म्हणतात, आणि मधे मी. परवा केबिनचं दार लावून मी तुमच्या खुर्चीत बसून पाहिलं. समोरच्या रिकाम्या फिरत्या खुर्चीशी बोलायला लागलो. पण दोन्ही बाजूंनी मीच बोलत होतो, आणि दोन्हीकडे मला हवं तेच बोलत होतो. मला आडवं जाणारं कोणी उरलं नाही. मी आता काय करू? खरंच विचारतोय. मी काय करू?

तुम्ही गेल्यानंतर चौथ्या दिवशी मी तुमच्या घरी गेलो होतो. दिवसाउजेडी, चालत, सगळ्यांना दिसेल असा. म्हटलं, आता आणखी काय बिघडायचं राहिलंय. ओट्यावर कोणी नव्हतं. मयताच्या घरचा ओटा असा रिकामा मी पहिल्यांदा पाहिला. वहिनी आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. रडत नव्हत्या. त्यांनी मला बसा म्हटलं.

मग त्यांनी विचारलं, "सायेब, येक सांगाल? त्या दिशी ते खरा बोलले का सोंगात बोलले?"

भाऊ, मला वाटत होतं, जगानं काही म्हटलं तरी घरात तुम्हाला ओळखणारं एक माणूस आहे. सोंगात बोलले असं म्हणालो असतो तर त्यांच्या जिवाला बरं वाटलं असतं. एक शब्द. जो तुम्ही बोलला नाहीत म्हणून मी तुम्हाला वर्षभर शिव्या दिल्या, तसाच एक शब्द आता माझ्या तोंडाशी होता. आणि मला तो बोलता येईना. तुम्हाला पुन्हा खोटं पाडणं मला जमेना. मी म्हणालो, "दोन्ही, वहिनी. दोन्ही खरं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मना बी त्यांनी ताच सांगला," त्या म्हणाल्या. "मना वाटला, मालकानं शिकवलेला बोलतान." आणि मग त्यांचा आवाज फुटला. "मंग मी वरीसभर त्यांच्याशी बोलली नाय, ती कशापायी?"

त्या रडत होत्या आणि मी खाली बघत बसलो होतो, आणि बाहेर रस्त्यानं जाणारी माणसं घराकडे न बघता जात होती. मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, की सायेब, तुमी आलाव ता बरा झाला, पन दहाव्याला येऊ नका. पोराला अजून याच गावात ऱ्हायाचा हाय.

आज तुमचा दहावा आहे. तळ्यावर कोण आलं असेल, कोणी आलं असेल का, मला माहीत नाही. मी कारखान्यात आहे, नेहमीसारखा. रजा घेतली असती तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं.